मागल्या खोलीचा शब्द

आमच्या घरात स्टीलची एक पट्टी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद. तिच्यावर चोवीस इंग्रजी शब्द ठोकलेले आहेत. ती कुठं ठेवली आहे ते मी सांगणार नाही, तेव्हा उगाच विचारू नका. तशीच दुसरी पट्टी लेकीच्या घरी आहे, आणि ती कुठं आहे तेही सांगणार नाही. ज्या माणसानं ह्या पट्ट्या केल्या त्यानं मला बजावलं होतं की विचारणारा रुसला तरी चालेल, आपण तोंड उघडायचं नाही.

तो माणूस म्हणजे आमचे हे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. पारगावच्या अंगाला आमचं गाव, घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. फिटर माणसाची एक खोड असते, ती ह्यांना अंमळ जास्तच होती. नट आवळला की त्याच्यावर दुसरा आवळायचा, त्याला हे चेकनट म्हणायचे. घरातसुद्धा तेच. कडी लावली की वर कुलूप, कुलूप लावलं की ओढून बघायचं, आणि चार पावलं गेल्यावर मागं फिरून पुन्हा ओढून बघायचं. लग्नाला निघालो की आमची एक एसटी हमखास चुकायची. मी फणफणायची, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

रिटायर झाल्यावर मुलानं मोठा फोन घेऊन दिला. बाकीचे म्हातारे फोनवर कीर्तन ऐकतात, बैलगाड्यांच्या शर्यती बघतात. हे हिंदीतून बिटकॉइन ऐकायला लागले. तेव्हा आमच्याकडं ह्या शब्दाला लई वाईट वास होता. एक टायवाला माणूस मंगल कार्यालयात सभा घेऊन गेला होता, कसलंसं नाणं घ्या, दुप्पट होईल म्हणून. लोकांनी घेतलं, तो माणूस गेला तो गेलाच. त्यामुळं ह्यांनी बिटकॉइन घेतलंय कळल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. हे शांतपणे म्हणाले, "तो नाणं इकत व्हता. मी कुणाचं ऐकून घेत न्हाई. वरीस-दीड वरीस नुसतं वाचतोय." आणि खरंच, पेन्शनीतनं थोडं थोडं, पॅनकार्ड दाखवून, कर भरून घेत होते. चोरीचा मामला नव्हता. मग मी गप्प बसले, म्हणजे रोज बोलायची ते आठवड्यातनं एकदा बोलायला लागले.

पुढं टीव्हीवर बातमी आली की लोकांची नाणी सांभाळणारी एक कंपनी बुडाली आणि नाणी आतच अडकली. झालं, ह्यांची झोप उडाली. म्हणाले, "दुसऱ्याच्या कपाटात आपला सोन्याचा डाग कशाला ठिवायचा?" आणि मग एक डबी मागवली. पेनड्राइव्हएवढी, छोटासा काचेचा पडदा असलेली. ह्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं की पैसा ह्या डबीत नाही. तो जगभरच्या कंप्युटरांत आहे, ह्या डबीत नुसती किल्ली आहे, आणि किल्ली नेटला कधी जोडलीच नाही तर नेटवरचा चोर तिला हात लावू शकत नाही. डबी मोडली, पुरात गेली, उंदरानं कुरतडली तरी बेहत्तर. नवी डबी आणायची, तिच्यात हे चोवीस शब्द ओळीनं घालायचे, किल्ली पुन्हा तयार. "म्हंजे जपायचं ते शब्द," हे म्हणाले.

शब्द कागदावर ठेवायला हे तयार नव्हते. कागदाला वाळवी आहे, पाणी आहे, आमची सून आहे, ती दिवाळीला कपाटातलं सगळं जाळते. म्हणून वर्कशॉपातले पत्र्यावर अक्षरं उठवायचे पंच आणि हातोडी काढली आणि दुपारभर अंगणात ठोकत बसले. एकेक अक्षर, ठण ठण. शेजारणीनं कुंपणावरनं विचारलं, "भाऊ, कसलं काम काढलं?" हे म्हणाले, "मोटारीची नंबरपट्टी." खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांचे कान लाल झाले. मग एक पट्टी पाणी तापवायच्या बंबाखाली विस्तवात टाकली, दुसरी युरियाच्या पाण्यात बुडवून ठेवली. दोन्ही काढून राखेनं घासल्या, चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. तेव्हा कुठं समाधान झालं.

तरी एक उरलं होतंच. सोयाबीन पेरायच्या आधी आम्ही मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवतात ते बघतो, आणि मगच पेरणीला हात घालतो. हे म्हणाले, शब्दांचंही तसंच. आणि डबी चक्क पुसून टाकली. मग पट्टीवरचे शब्द एकेक करून घातले आणि सगळं जिथल्या तिथं उगवलं. त्यानंतर डबी पुन्हा पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. "आता तू."

मी डोंगरातल्या शाळेत नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं येतात. पण घाम फुटला. हे शेजारी बसून नुसते बघत होते, बोट लावत नव्हते. झालं माझ्याच्यानं. पडद्यावर आकडा आला तो बघून मी म्हटलं, "एवढंच? ह्याच्यासाठी एवढा तमाशा?"

हे खुशीत हसले. म्हणाले, "ही वसरी हाय. चोर आला, मानेवर कोयता ठिवला, तर त्यानं वसरीवरचं न्यावं आन् जावं. आपलं मागल्या खोलीत."

मागल्या खोलीला आणखी एक शब्द लागायचा. तो आपण आपला ठरवायचा. गंमत म्हणजे चुकीचा शब्द घातला तर डबी चूक झाली म्हणत नाही. ती मुकाट्यानं दुसऱ्याच एका खोलीत नेऊन सोडते, आणि ती खोली रिकामी असते. चोराला कळणारच नाही की आपण चुकलो. मी विचारलं, "मग तो शब्द कुठं ठोकलाय?"

"तो ठोकायचा न्हाई. तो हितं." हे डोक्यावर बोट ठेवून म्हणाले.

"मला सांगा की."

"सांगीन. यील येळ." आणि कान पुन्हा लाल. मला वाटलं, लबाडी आहे. पुढंही अधनंमधनं मी विचारायची, हे हसायचे आणि गोठ्याकडं निघून जायचे.

हा सगळा खटाटोप कुणासाठी, तेही सांगायला हवं. आम्हाला दोन लेकरं, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. वडिलोपार्जित जमीन मुलाच्या नावावर करायची ठरली तेव्हा मुलीला घोडेगावच्या कचेरीत नेऊन हक्कसोडावर तिची सही घेतली. आमच्याकडं सगळ्याच बहिणी सही देतात. भावाशी बोलणंचालणं राहावं, माहेर राहावं म्हणून देतात. ती हसत हसत सही करून आली, बाहेर सगळ्यांनी मिसळ खाल्ली. येताना जीपमध्ये हे सारखे मागं वळून तिच्याकडं बघत होते. मीही अशीच माझ्या माहेरी सही दिलेली, मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. आठवड्यानं हे म्हणाले, "डबीतलं सगळं लेकीचं. सातबाऱ्यावर चढत न्हाई, त्यामुळं तिला कुणी सही मागायला येणार न्हाई." मुलाला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं. तो भला आहे, म्हणाला, "तिचंच हाय आण्णा, मी कशाला आडवा येऊ."

मुलगी मंचरला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. दिवसभर दुसऱ्याच्या मशीनवर उभी. स्वतःची लॅब काढायची हे तिचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. बापानं तिला सांगितलं होतं की घाई करू नको, योग्य वेळी मागली खोली उघडू.

आणि मग ह्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी मोटार बंद करायची राहायची. मग पान्हा पिठाच्या डब्यात सापडला. मग एक दिवस बैलांना वैरण टाकली का म्हणून विचारलं, बैल विकून दहा-बारा वर्षं झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की हे थांबणार नाही, फार तर हळू होईल. जुनं बरेच दिवस टिकेल, अलीकडचं आधी जाईल. मी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "अवो, तो मागल्या खोलीचा शब्द काय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "कसली खोली?"

मी समजावलं, डबी, पट्टी, चोवीस शब्द. पट्टी आठवली, ठोकलेली आठवली, शेजारीण आठवली. शब्द नाही आठवला. ह्यांचा चेहरा असा झाला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. त्या दिवसापासून हे खिसे चाचपायला लागले. सदरा, पायजमा, पुन्हा सदरा. काय शोधताय म्हटलं तर सांगता यायचं नाही. तेवढं मात्र म्हणायचे, "लेकीचं हाय. माझ्याकडनं हरवलं."

मला दया यायची, आणि संतापही यायचा. खोटं कशाला बोलू. साऱ्या जगापासून लपवलं, आगीपासून, पाण्यापासून, सुनेपासून. सगळ्याला दोन दोन चेकनट. आणि शेवटचा शब्द ठेवला तो एकट्या डोक्यात. मला पट्टी दिली, डबी दिली, सगळं शिकवलं, मग तो एक शब्द सांगायला काय धाड भरली होती? मी एकटी असले की मोठ्यानं भांडायची, चुलीशी नाहीतर भांड्यांशी.

मुलगी दर रविवारी यायची. लॅपटॉपला डबी लावायची आणि आम्ही दोघी एकेक शब्द घालून बघायचो. पहिला शब्द अर्थातच तिच्या नावाचा. रिकामी खोली. मग मुलाचा, नातवाचा. मग ह्यांच्या आईवडिलांचा. ह्यांना लेण्याद्रीच्या गणपतीचं वेड, दर चतुर्थीला पायऱ्या चढायचे, ती सगळी नावं झाली. विकलेल्या बैलांची नावं झाली. विहिरीचं, शेताचं, गावाचं, पहिल्या सायकलच्या कंपनीचं. डबी एकदाही नाही म्हणायची नाही. शब्द घातला की आत घ्यायची, आणि आत काही नसायचं. एखाद्यानं तोंडावर दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

एका रविवारी मुलगी म्हणाली, "आई, तुझं नाव कसं काय राहिलं?"

मी म्हटलं, "माझं कशाला घालतील." पण आतून वाटत होतं, हेच असणार. कान लाल व्हायचे ते उगाच नाही. तिनं माझं नाव घातलं, आधारकार्डावर आहे तसं, रेशनकार्डावर आहे तसं. खोली रिकामी. मुलगी लगेच दुसरा शब्द शोधायला लागली. मी उठून चहा टाकायला गेले आणि पातेल्यात पाणी घालायचंच विसरले. वाईट वाटलं मला. एवढी वर्षं ज्याच्या घरात राबले त्याला लपवायला एक शब्द हवा होता, तर माझं नाव सुचलं नाही.

मध्येच मुलीला कुणीतरी एका रिकव्हरीवाल्याचा नंबर दिला. हरवलेला पासवर्ड काढून देतो म्हणे. फोन मी घेतला. तो फारच गोड बोलत होता, आईसाहेब, आईसाहेब. म्हणाला, "आधी ते चोवीस शब्द सांगा, मग बघू काय करता येतं." मी म्हटलं, "अरे बाबा, ती पट्टी मी भाकरी भाजायला नाही ठेवलेली. तुझ्या आईला विचार तिच्या तिजोरीची किल्ली ती कुणाला देते ते." फोन ठेवला आणि नंबर मुलीच्या फोनातनं पुसायला लावला.

मुलगा म्हणाला, "आई, गेलं समजा. मी देतो तिला थोडं थोडं." तो मनापासून म्हणत होता, पण त्याच्यामागं दोन लेकरं आणि टोमॅटोचा बेभरवशाचा बाजार. मुलीला हे कळत होतं. मंचरात स्टँडजवळ तिला एक गाळा मिळत होता, मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता. दसरा तोंडावर आला तशी ती म्हणाली, "जाऊ दे आई. पट्टी ठेव, आण्णांच्या हातची आहे." आणि भांडी घासायला बसली. मोरीत पाठमोरी बसून रडत होती, नळ मोठा सोडून. मला ऐकू येत नाही असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडं, डोंगरात. जावं की नाही अशी घालमेल होती, पण मुलगा म्हणाला, "जा, मी हाय आण्णांपाशी." दोन मुक्काम झाले. परत आले तर मुलगा मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा. मी मागं बसले. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "आई, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"बोल."

"आण्णा सांजच्याला उसाच्या बांधावर जाऊन हाका मारत्यात. दोन्ही दिवस. मी आणलं धरून, बिबट्या फिरतोय म्हणलं. पर आइकत न्हाईत."

"कुणाला हाका मारतात?"

तो घुटमळला. "कुणातरी बाईला. बाजूच्या काकीनं पण आयकलं. मला इचारती, भाऊंना आता ह्या वयात कोण आठवली म्हणून. आई, कारखान्यावर व्हती का गं कुणी?"

"नाव काय घेतात?"

रस्त्यावर आम्ही दोघंच, तरी त्यानं मान वळवून हळूच माझ्या कानाशी नाव सांगितलं.

मी म्हटलं, "गाडी थांबव."

मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले. तो घाबरला. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. ती बाई मीच होते. लग्नाआधीचं माझं नाव ते. डोंगरातलं नाव, आमच्याकडं पोरींना ठेवतात तसलं. मी ह्या घरात आले तेव्हा सासरच्या बायका म्हणाल्या, हे कसलं रानातलं नाव, आपल्यात चालायचं नाही. ताटात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात अंगठी दिली आणि सासूबाईंनी सांगितलं ते नवं नाव ह्यांनी तांदळात लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही, ह्यांनाही विचारलं नाही, तशी पद्धतच नव्हती. त्यानंतर हे मला नुसतं अगं म्हणायचे, नाहीतर मुलाची आई. भाऊ आक्का म्हणतात. जुन्या नावानं हाक मारणारी माझी आई होती, ती मुलं लहान असतानाच गेली. पुढं ते नाव मी स्वतःसुद्धा मनात घेतलं नव्हतं. मुलांना सांगायचं राहूनच गेलं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

"कारखान्यावरची न्हाई रे," मी मुलाला म्हटलं. "तुझी आईच आहे ती."

त्याला उलगडून सांगावं लागलं. मग तो एवढा हसला, एवढा हसला, आणि हसता हसता म्हणाला, "म्हंजे मला माझ्या आईचं नाव म्हाईत न्हाई?" मी म्हटलं, "चल आता, अंधार पडायच्या आत घर गाठू."

मुलीला फोन केला, सकाळच्या गाडीनं ये. कशाला ते सांगितलं नाही. फोनवर असलं बोलायचं नाही ही ह्यांचीच शिकवण. ती आली, डबी लावली. मी एकेक अक्षर सांगितलं, तिनं घातलं. पासवर्डात ह्यांची सगळी इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीतली असायची, तशीच घातली. ती म्हणाली, "हे काय आहे? गाव आहे का कुठलं?"

"माझं नाव आहे," मी म्हटलं. "तुझा बाप मला बघायला आला तेव्हा त्यानं ऐकलेलं."

तिनं लॅपटॉपवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं रेंज कमी, पडद्यावर नुसतंच गोल फिरत होतं, आणि ती माझ्याकडं बघत होती, नव्यानं ओळख करून दिल्यासारखी. मग गोल थांबलं. मागली खोली भरलेली होती. ह्यांनी पेन्शनीतनं थोडं थोडं टाकलेलं सगळं तिथं होतं, एक कण इकडचा तिकडं नाही. मुलीनं तोंडावर दोन्ही हात धरले.

मला आधी राग आला, सांगते. एवढं गोड गुपित होतं तर सांगायचं ना मला. लाजून गोठ्याकडं पळायचं वय होतं का ते? मग राग ओसरला आणि मी पदरात तोंड घालून भरपूर रडले. मुलगी पाठीवर हात फिरवत राहिली. ती एकदा त्या नावानं मला हाक मारून बघणार होती, मी तिच्या हातावर चापट मारली.

बापाची लेक, तिनं तासाभरात सगळं दुसऱ्या खोलीत हलवलं. दोन संध्याकाळी गावभर ओरडून झालेला शब्द गुपित कसला. नवा शब्द ठरवला आणि तो तिनं मला सांगितला, तिच्या नवऱ्याच्या गावी ठेवायच्या एका वेगळ्या पट्टीवरही ठोकायचं ठरलं. एका डोक्याच्या भरवशावर आता काही ठेवायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. दुपारच्या गाडीनं ती गाळेवाल्याला भेटायला गेली.

चार वाजून गेले होते. हे ओट्यावर बसले होते, उसाकडं तोंड करून. मी चहा घेऊन गेले आणि शेजारी टेकले. म्हटलं, "उघडली बरं का मागली खोली. लेकीचं काम झालं."

ह्यांनी मान हलवली. कप घेतला. मग माझ्याकडं वळून, परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बसा पावणं. आमची मंडळी रानात गेलीया. यील आता."

असं पहिल्यांदाच झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मी विचारलं, "नाव काय तुमच्या मंडळींचं?"

हे लाजले. कान लाल झाले, तसेच, पहिल्यासारखे. इकडंतिकडं कुणी नाही असं बघितलं. म्हणाले, "घरच्यांनी बदललं तिचं नाव. मला जुनंच आवडायचं. पर तवा बोलायची माझी टाप नव्हती." आणि खाली वाकून हळूच ते नाव मला सांगितलं. मग माझ्या हातावर बोट ठेवून म्हणाले, "कुणाला सांगू नका हां. तिला पण न्हाई सांगितलेलं."

मी म्हटलं, "न्हाई सांगत."

ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं होतं. ह्यांनी अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो.